मॉडबस : घरातील उपकरणांचे आकडे वाचण्याची औद्योगिक पद्धत

मॉडबस ही कारखान्यांतील नियंत्रक आणि संवेदक म्हणजेच सेन्सर यांच्यात माहितीची देवाणघेवाण करण्यासाठी तयार झालेली संदेशपद्धती आहे. अमेरिकेतील मोडिकॉन या कंपनीने १९७९ साली आपल्या प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलरसाठी ती प्रसिद्ध केली. मोडिकॉन पुढे श्नायडर इलेक्ट्रिक समूहाचा भाग झाली आणि २००४ साली या पद्धतीचे हक्क मॉडबस संघटनेकडे सोपवण्यात आले. साधी रचना आणि विनाशुल्क वापर यांमुळे ती जगभर रुजली. वीजमापक, सौर इन्व्हर्टर, तापमानमापक, पाण्याची पातळी मोजणारी उपकरणे अशी अनेक साधने ती वापरतात. त्यामुळे कारखान्याची ही भाषा आता घरांतही येऊन पोहोचली आहे.

भारतात फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना सुरू झाली. एक कोटी घरांच्या छपरांवर सौरसंच बसवण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. अशा घरात छपरावर किती वीज तयार झाली, घराने किती वापरली आणि ग्रिडला किती दिली, हे जाणून घेण्याची गरज भासते. अनेक इन्व्हर्टरची माहिती उत्पादकाच्या सर्व्हरवर जाऊन मग मोबाइलवर परत येते. इंटरनेट बंद पडल्यास ती मिळत नाही. मॉडबसची जोडणी उपलब्ध असल्यास तीच माहिती घरातल्या संगणकावर थेट वाचता येते. २०१३ साली सुरू झालेल्या होम असिस्टंट या मुक्तस्रोत प्रणालीत तशी सोय आहे.

वीज वितरण कंपनीचा स्मार्ट मीटर मात्र या मार्गाने वाचता येत नाही. भारतातील स्मार्ट मीटरसाठी डीएलएमएस ही वेगळी पद्धत ठरवण्यात आली असून तिचे भारतीय मानक आयएस १५९५९ हे आहे. त्यामुळे घरमालकाला आपल्या बाजूच्या वायरिंगवर स्वतंत्र मापक बसवावा लागतो.

तारांची जोडणी

मॉडबसचा आरटीयू हा प्रकार बहुधा आरएस-४८५ या विद्युत मानकावर चालतो. त्यात पिळलेल्या दोन तारांमधील व्होल्टेजचा फरक मोजला जातो. बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडत असल्याने फरक कायम राहतो. कमी वेगात सुमारे १,२०० मीटरपर्यंत संदेश नेता येतो, तर मूळ मानकानुसार एका मार्गिकेवर ३२ उपकरणे जोडता येतात. लांब मार्गिकेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध लावतात. संगणकाला जोडण्यासाठी यूएसबी परिवर्तक पुरतो. वेग, पॅरिटी आणि स्टॉप बिट या तीन गोष्टी दोन्ही बाजूंना सारख्याच ठेवाव्या लागतात.

विचारणा आणि उत्तर

या पद्धतीत संवेदक स्वतःहून बोलत नाही. संगणक विचारतो आणि उपकरण उत्तर देते. प्रत्येक उपकरणाला १ ते २४७ यांपैकी एक क्रमांक असतो. विचारणेत उपकरणाचा क्रमांक, कामाचा संकेतांक, रजिस्टरचा पत्ता, किती रजिस्टर हवेत ती संख्या आणि शेवटी सीआरसी ही तपासणी-संख्या असते. ३ आणि ४ हे संकेतांक रजिस्टर वाचण्यासाठी, तर ६ आणि १६ हे लिहिण्यासाठी आहेत. रजिस्टर म्हणजे १६ बिटांचा एक खण. त्यात ० ते ६५,५३५ यांपैकी एक संख्या मावते.

आकडा आणि अर्थ

मॉडबसची खरी मर्यादा येथेच आहे. ती आकडा पोहोचवते, पण तो वॅटचा की अंशाचा, धन की ऋण, हे सांगत नाही. तो अर्थ उत्पादकाच्या रजिस्टर तक्त्यात असतो. २५.३ अंश तापमान बहुतेकदा २५३ असे येते आणि त्याला १० ने भागावे लागते.

ऋण संख्यांच्या बाबतीत चूक अधिक महागात पडते. घर ग्रिडला १,५०० वॅट वीज देत असेल, तर मापक उणे १,५०० पाठवतो. ही संख्या चिन्हरहित समजून वाचल्यास ती ६४,०३६ दिसते. शिल्लक वीज असताना पाण्याचा पंप आपोआप सुरू व्हावा, अशी योजना केलेली असल्यास संगणक उलटाच निष्कर्ष काढतो आणि पंप सुरूच होत नाही.

दशांश संख्या बहुधा दोन रजिस्टरांत विभागलेली असते. २३० व्होल्ट हे मूल्य १७,२५४ आणि ० अशा दोन आकड्यांत येते. त्यांचा क्रम उलटला तर उत्तर शून्याच्या अगदी जवळ जाते. तसेच तक्त्यातील ४०००१ क्रमांकाचे रजिस्टर प्रत्यक्ष संदेशात ० या पत्त्यावर असते. हा फरक विसरल्यास शेजारच्या रजिस्टरचा आकडा हाती येतो. या चुका सीआरसी पकडू शकत नाही. संदेश वाटेत बिघडला नाही, एवढेच ती सांगते.

सुरक्षितता

मूळ मॉडबसमध्ये पासवर्ड किंवा संदेशांचे कूटलेखन नाही. ज्या तारांवरून वाचता येते, त्याच तारांवरून अनेक उपकरणांची मांडणी बदलताही येते. म्हणून घरगुती वापरात शक्यतो वाचण्याचेच संकेतांक वापरावेत. इंटरनेटवर चालणाऱ्या मॉडबस टीसीपी या प्रकाराचे ५०२ क्रमांकाचे पोर्ट घराबाहेर खुले ठेवू नये. मापकाची मुख्य वीजजोडणी परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी आणि संदेशाच्या तारा वीजवाहक तारांपासून दूर ठेवाव्यात.

नवी जोडणी झाल्यावर प्रत्येक आकडा उपकरणाच्या पडद्यावरील आकड्याशी ताडून पाहावा. सौरसंच असल्यास ही तपासणी दोनदा करावी, एकदा दुपारी वीज ग्रिडकडे जात असताना आणि एकदा रात्री ती ग्रिडकडून येत असताना. दोन्ही वेळी आकडा आणि त्याचे चिन्ह जुळले, तरच त्यावर पंप किंवा गीझर सोपवावा.