विजरईचे पत्र आणि चहाची खोली

क्योतो शहरातल्या म्योहो-इन या बौद्ध मंदिराच्या संग्रहात गोव्याहून गेलेले एक पत्र आहे. चर्मपत्रावर लिहिलेले, कडेने रंगीत नक्षी काढलेले, भाषा पोर्तुगीज. गोव्याचा विजरई दुआर्त द मेनेझिस याने ते 1588 साली जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याला लिहिले. आज त्याला जपानच्या राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा आहे. मांडवीकाठच्या राजधानीतून निघालेला दस्तऐवज जपानचा राष्ट्रीय ठेवा कसा झाला, या कुतूहलापोटी मी नोकरी सांभाळून या विषयात शिरलो, आणि त्याचा माग काढताना येऊन पोहोचलो तो चहाच्या खोलीत.

चहाविधी आणि मुत्सद्देगिरी यांचे नाते हल्ली सांगितले जाते ते उरासेन्के घराण्याचे पंधरावे प्रमुख सेन गेन्शित्सू यांच्या संदर्भात. त्यांचा जन्म 1923 चा. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलाच्या आत्मघातकी वैमानिकांच्या तुकडीत होते. मोहिमेवर निघणाऱ्या सोबत्यांना त्यांनी चहा करून दिला. स्वतः वाचले, आणि पुढे आयुष्यभर चहाचा वाडगा घेऊन देशोदेशी हिंडले. 2011 मध्ये पर्ल हार्बरच्या ‘ॲरिझोना’ स्मारकावर त्यांनी मृतांना चहा अर्पण केला. 2025 साली, वयाच्या 102व्या वर्षी ते वारले. या माणसाविषयी मला आदरच आहे. पण चहा म्हणजे शांतीचा दूत हा अर्थ मुख्यतः विसाव्या शतकाने दिलेला आहे. त्यांचेच पूर्वज सेन नो रिक्यू यांच्या काळात चहाची खोली ही सत्तेची खोली होती, आणि तिथे शिरू पाहणाऱ्या पहिल्या परदेशी मुत्सद्द्यांना हे चांगले ठाऊक होते.

हे मुत्सद्दी म्हणजे जेझुइट पाद्री. त्यांच्यातला धोरणी माणूस आलेस्सांद्रो वालिन्यानो. जन्माने इटालियन, 1574 मध्ये गोव्यात उतरला, 1579 मध्ये जपानात. तिथे त्याला दिसले की आपले पाद्री जपान्यांना असंस्कृत वाटतात. मांस खातात, स्वच्छता पाळत नाहीत, पाहुण्याला कसे बसवावे हे त्यांना कळत नाही. वालिन्यानोने ख्रिस्ती झालेला सरदार ओतोमो सोरिन याचा सल्ला घेतला आणि 1581 च्या सुमारास जपानी रीतिरिवाजांविषयी एक नियमावलीच लिहून काढली. पाद्र्यांनी झेन मठांतल्या श्रेणींप्रमाणे वागावे, असे तिचे सूत्र. तीत एक कलम चहाचे आहे: प्रत्येक निवासात चानोयूची, म्हणजे चहाविधीची, जागा स्वच्छ आणि सज्ज असावी, आणि ते शास्त्र थोडेफार जाणणारा जपानी मदतनीस तिथे कायम असावा. परधर्मात घडलेला विधी चर्चच्या छपराखाली आणायचा, हे सोळाव्या शतकातल्या पाद्र्यासाठी लहानसहान पाऊल नव्हते. त्याच दशकांत गोव्यात इन्क्विझिशन चालू होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे वजन कळते.

गंमत अशी की स्वतः वालिन्यानोला या प्रकाराची गोडी लागलेली दिसत नाही. सोरिनने त्याला मातीचे एक भांडे दाखवले. त्यासाठी त्याने चांदीचे 9,000 ताएल मोजले होते. वालिन्यानोने लिहून ठेवले आहे की आपल्याकडे असले भांडे पिंजऱ्यातल्या पाखराला पाणी ठेवण्यापलीकडे कशाच्या उपयोगी पडले नसते. पण त्याला एक गोष्ट बरोबर उमगली होती. भांड्याची किंमत मातीत नव्हती. ते कोणी कोणाला दिले, त्यात होती. ओदा नोबुनागाने चहाची नामांकित भांडी गोळा करून ती मर्जीतल्या सरदारांना बक्षीस द्यायला सुरुवात केली होती. ताकिगावा काझुमासु या त्याच्या सेनापतीला प्रांत मिळाला, पण हवी असलेली चहाची डबी मिळाली नाही म्हणून तो खट्टू झाला, अशी गोष्ट सांगतात. आपल्याकडे दरबारात विडा मिळणे म्हणजे नुसते पान मिळणे नसे, तसेच हे.

खोलीची रचनाही समजून घ्यायला हवी. रिक्यूंच्या पद्धतीच्या खोलीचे दार जेमतेम दोन-सव्वादोन फुटांचे. आत शिरायचे तर सरदारालाही वाकून, गुडघ्यांवर सरकत जावे लागे. तलवारी बाहेर ठेवायच्या. आत दोन-तीन चटयांची जागा, माणसे मोजकी, आणि दाट चहाचा एकच वाडगा सर्वांत फिरायचा. (हा एक वाडगा ख्रिस्ती प्रार्थनाविधीतून उचलला, असे काही जण म्हणतात. कल्पना मोहक आहे. मला ती कागदाने सिद्ध झालेली दिसत नाही.) सगळे समान होतात म्हणून ही जागा उपयोगी पडे, असे नेहमी लिहिले जाते. मला वाटते, ती उपयोगी पडे याचे कारण तिचे काटेकोर नियम. कोणी कुठे बसावे, काय विचारावे, भांडे कसे न्याहाळावे हे सगळे ठरलेले. वैऱ्यांनाही तासभर एकत्र बसता येईल, असा तो बंदोबस्त होता. नियम शिकता येतात, म्हणून परका माणूसही त्यात सामावू शकत होता.

मात्र हा बंदोबस्त यजमानाच्या मर्जीवर उभा होता. 1587 च्या जुलैमध्ये हिदेयोशीने पाद्र्यांनी देश सोडावा, असे फर्मान काढले. त्याच वर्षी काही महिन्यांनी क्योतोच्या कितानो देवळात त्याने प्रचंड चहामेळावा भरवला. आमंत्रण शेतकरी-व्यापाऱ्यांनाच नव्हे, चहाची आवड असेल तर चीनमधल्या माणसालाही होते. दहा दिवसांचा मेळावा एका दिवसात गुंडाळला गेला. दार उघडणे आणि बंद करणे, दोन्ही एकाच हातात होते.

विजरईचे पत्र गोव्यातून निघाले तेव्हा या फर्मानाची वार्ता तिथे नव्हती. पाद्र्यांवर कृपा केल्याबद्दल त्यात हिदेयोशीचे आभार मानले आहेत! वालिन्यानोला ती मकावमध्ये कळली. पाद्री म्हणून जाणे अशक्य झाले, तेव्हा तो विजरईचा वकील म्हणून गेला, आणि 3 मार्च 1591 रोजी क्योतोच्या जुराकुदाई महालात हिदेयोशीला भेटला. नजराण्यात अरबी घोडा, चिलखते, तलवारी. पत्र लिहिणारा विजरई मरून तोवर जवळजवळ तीन वर्षे झाली होती. दुभाष्या होता जुआंव रॉड्रिग्ज हा तरुण पोर्तुगीज. भेट थाटात पार पडली. त्यानंतर बरोबर सात आठवड्यांनी, 21 एप्रिलला, हिदेयोशीच्या हुकमावरून रिक्यूंनी पोट चिरून घेतले. कारण काय, यावर इतिहासकार आजही भांडतात: दाइतोकुजी मठाच्या दरवाजावर बसवलेला त्यांचा पुतळा, की भांड्यांच्या व्यवहारातला नफा, की आणखी काही. ज्याने त्या खोलीचे नियम घडवले, त्यालाही खोलीने वाचवले नाही.

हिदेयोशीचे उत्तर आले ते असे: व्यापाऱ्यांनी यावे, धर्म आणू नये. पुढच्या वर्षी त्याने कोरियावर सैन्य धाडले. मोहिमेसाठी क्युशू बेटावर बांधलेल्या नागोया किल्ल्यात त्याची सोन्याने मढवलेली, उचलून नेता येणारी चहाची खोलीही गेली. याच किल्ल्यात 1593 मध्ये मनिलाहून आलेल्या फ्रान्सिस्कन वकिलातीचे म्हणणे जपानीत मांडणारा माणूस आपल्या वसईचा होता. गोन्सालो गार्सिया. लहानपणी जेझुइटांबरोबर जपानात गेलेला, तिथली भाषा शिकलेला, मग व्यापारी, मग फ्रान्सिस्कन. आज वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे, पण ते हिदेयोशीसमोर दुभाषी म्हणून उभे राहिले होते हे तिथेही फार थोडे जण सांगतात. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत क्रुसावर चढवलेल्या 26 जणांत ते होते.

रिक्यूंच्या प्रमुख शिष्यांत गणला जाणारा ख्रिस्ती सरदार ताकायामा उकोन 1614 मध्ये हद्दपार झाला आणि मनिलाला पोहोचून काही आठवड्यांत वारला. दुभाष्या रॉड्रिग्जला 1610 मध्येच जपान सोडावे लागले होते. मकावमध्ये म्हातारपणी त्याने जपानच्या चर्चचा इतिहास लिहायला घेतला. त्यात धर्मांतरांची आकडेवारी असेल, असे वाचणाऱ्याला वाटते. पण चहासाठी त्याने प्रकरणांमागून प्रकरणे खर्च केली आहेत: बागेतली पायवाट, हात धुण्याचे पाणी, निखाऱ्यांची मांडणी, भांडे न्याहाळण्याची रीत. ज्या देशाने त्याला घालवून दिले, त्याच्याविषयी या पानांत कडवटपणा नाही. रॉड्रिग्ज 1633 मध्ये मकावलाच वारला. पुढे अठराव्या शतकात त्या हस्तलिखिताची नक्कल झाली, आणि ती आता लिस्बनच्या अजुदा ग्रंथालयात आहे.