वाकडी नळी आणि कागदाचे पडदे

मंडळी, तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर आणि विषय बंदुकीच्या गोळ्यांचा, हे जरा विचित्रच आहे. मी आयुष्यात एकही बार काढलेला नाही. पण अमेरिकेत काही हौशी लोक छऱ्यांच्या बंदुकीसाठी चित्रविचित्र आकाराच्या गोळ्या घरी तयार करतात आणि त्या कशा जातात ते बघतात. (आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, तेव्हा कृपया फक्त ऐका.) बहुतेकदा एक कलिंगड फुटतं, सगळे हसतात आणि खेळ संपतो. ही परीक्षा झाली का? माझा प्रश्न तेवढाच आहे, आणि त्यासाठी मी तुम्हाला अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये नेतो.

बेंजामिन रॉबिन्स हा गणिती. १७४२ साली त्याचं तोफविद्येवरचं पुस्तक आलं. तोवरचे विद्वान गॅलिलिओचा परवलय घेऊन बसले होते; हवेचा रोध किरकोळ म्हणून सोडून द्यायचा. रॉबिन्सने जाड लाकडी फळीचा लंबक टांगला आणि त्यावर गोळी झाडली. लंबक किती मागे गेला यावरून गोळीचा वेग काढला. तो निघाला सेकंदाला सुमारे १,७०० फूट. या वेगाने परवलयाप्रमाणे गोळी १७ मैल जायला हवी. प्रत्यक्षात अर्धा मैलसुद्धा जात नव्हती! म्हणजे किरकोळ म्हणून सोडलेली हवाच सगळा खेळ करत होती.

पण मला जास्त आवडतो तो त्याचा दुसरा प्रयोग. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोल गोळी कधी डावीकडे जाते, कधी उजवीकडे. का? रॉबिन्स म्हणाला, नळीच्या भिंतीला घासून ती गरगरते, आणि गरगरणारी गोळी हवेत वळते. आता हे सिद्ध कसं करायचं? त्याने बंदुकीच्या नळीचं टोक मुद्दाम डावीकडे वाकवलं. अशा नळीत गोळी उजव्या भिंतीवर घासत बाहेर पडणार. साध्या समजुतीप्रमाणे ती डावीकडे जात राहायला हवी. रॉबिन्सच्या म्हणण्याप्रमाणे ती आधी डावीकडे जाईल, पण पुढे उजवीकडे वळेल. वाटेत त्याने पातळ कागदाचे पडदे लावले. भोकं बघितली. गोळी उजवीकडे वळली होती.

बघा, तो इथे हरू शकत होता. एक भोक चुकीच्या जागी पडलं असतं की सिद्धांत गेला. कलिंगड मात्र कोणत्याही गोळीने फुटतं, त्यामुळे ते कुणालाच खोटं पाडत नाही.

थोर गणिती ऑयलरने १७४५ साली या पुस्तकाचं जर्मन भाषांतर केलं, वर मूळ पुस्तकाहून लांब टिपा जोडल्या. पण गरगरण्याची गोष्ट त्याला पटली नाही. गोळीच ओबडधोबड असेल, असं त्याचं मत. आता ऑयलर म्हणतो म्हटल्यावर कोण बोलणार? पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मनीत माग्नुसने तोच परिणाम पुन्हा दाखवला, आणि नावही त्याचंच पडलं.

हौशी लोकांवर मी अन्याय करू नये. छऱ्यांच्या बंदुकीची नळी आतून बहुधा गुळगुळीत असते, त्यामुळे गरगरण्याच्या जोरावर गोळी सरळ ठेवता येत नाही. म्हणून १८९८ साली जर्मनीत ब्रेनेके यांनी आणि १९३१ साली अमेरिकेत फॉस्टर यांनी जड तोंडाच्या गोळ्या काढल्या. बॅडमिंटनचं फूल आठवा, ज्या खेळाला एके काळी ‘पूना’च म्हणत! बूच पुढे, पिसं मागे. छंदिष्टांतले जे खरे चिकित्सक असतात, ते पुठ्ठे उभे करतात आणि भोकाचा आकार तपासतात. भोक गोल असेल तर गोळी नीट गेली. लांबट असेल तर ती वाटेत आडवी झाली, मग बनवणाऱ्याला ती कितीही लाडकी असो.

रॉबिन्स शेवटी ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून आपल्याच देशात आला, मद्रासकडची तटबंदी सुधारायला. १७५१ च्या जुलैमध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला तो वारला. वय जेमतेम ४४.