रोहितांच्या गावाचा शोध

शिवडीच्या किंवा ठाणे खाडीच्या चिखलात ओहोटीच्या वेळी उतरलेले रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. १९९०च्या दशकापासून ते येथे हजारोंच्या संख्येने येतात. मुलांना ते दाखवायला नेले, की एक प्रश्न हमखास निघतो : यांची घरटी कुठे आहेत? मुंबईत नाहीत. उजनीच्या जलाशयावरही हे पक्षी येतात, पण तेथेही नाहीत. थव्यात अधूनमधून मळकट राखाडी पक्षी दिसतात, ते वयाने लहान. म्हणजे जन्म कुठेतरी होतो आहे.

या घरट्याविषयी जुन्या काळी एक गमतीदार समजूत होती. १६८३ मध्ये विल्यम डँपियर या इंग्रज दर्यावर्द्याने केप व्हर्दे बेटांपैकी साल बेटावर रोहितांची चिखलाची घरटी पाहिली. एवढ्या लांब पायांचा पक्षी घरट्यावर बसणार कसा? तेव्हा तो पाण्यात उभा राहून चिखलाच्या ढिगाला टेकत असावा आणि शेपटीकडच्या भागाने अंडे झाकत असावा, असे त्याने लिहिले. पुढे चित्रकारांनी तर घोड्यावर बसल्यासारखा, दोन्ही बाजूंना पाय सोडलेला रोहित रंगवला. जवळजवळ दोनशे वर्षे हे चालले. १८८३ मध्ये एबल चॅपमन याने दक्षिण स्पेनच्या दलदलीत अंडी उबवणारे पक्षी प्रत्यक्ष पाहिले. ते सरळ पाय दुमडून बसले होते! आपण ज्याला रोहिताचा गुडघा म्हणतो तो खरे तर त्याचा घोटा असतो, आणि तो मागे दुमडतो. जवळ जाऊन पाहण्याची तसदी कोणी घेतली नव्हती, एवढेच.

अर्थात जवळ जाणे सोपे नव्हते. आपल्याकडचे रोहितांचे गाव आहे कच्छच्या मोठ्या रणात, पच्छम बेटापलीकडे, आजच्या सरहद्दीजवळ. स्थानिक लोक त्याला हंजबेट म्हणतात. हंज म्हणजे रोहित. कच्छचे महाराव खेंगारजी यांना या जागेची माहिती होती, आणि १८९३ मध्ये लेस्टर यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तिची नोंद छापली. पण तेथे नेमके किती पक्षी असतात? एप्रिल १९४५ मध्ये डॉ. सालिम अली तेथे पोचले. त्यांना लाखाहून अधिक घरटी आढळली. पिल्ले धरून पक्ष्यांची संख्या त्यांच्या अंदाजाने पाच लाखांच्या घरात होती.

रणासारख्या उजाड जागी एवढी गर्दी का, याचे उत्तर पाण्यात आहे. पावसाळ्यात रणावर उथळ, खारट पाणी पसरते. त्या चिखलाचे, वर खोलगट असलेले बुटके बुरूज रोहित चोचीने रचतो. त्यावर एकच अंडे. नर-मादी दोघेही ते सुमारे महिनाभर उबवतात. पाणी वाढले तर घरटी बुडतात. लवकर आटले तर कोल्ह्याकुत्र्यांना वाट मोकळी होते. बरे, पिल्लाची चोच सुरुवातीला सरळ असते. आईबापांसारखे डोके उलटे धरून, जिभेच्या दट्ट्याने पाणी गाळून खाणे त्याला जमत नाही. तोवर दोघेही त्याला आपल्या अन्नमार्गात तयार होणारा लाल रस पाजतात. उडायला येईपर्यंत अडीचएक महिने जातात. एवढा काळ पाणी टिकले पाहिजे. पाऊस कमी झालेल्या वर्षी पक्षी हंजबेटाकडे फिरकतही नाहीत. एका लाखाच्या वस्तीचे भवितव्य वीतभर पाण्यावर अवलंबून आहे, हे मुलांना सांगायलाच हवे.

हे झाले मोठ्या रोहिताचे. ठाणे खाडीत ज्याचे थवे जास्त दिसतात तो छोटा रोहित कोठे वीण करतो, हे कोडे आणखी उशिरा सुटले. पूर्व आफ्रिकेत लेस्ली ब्राउन या शेतकी अधिकाऱ्याला १९५४ मध्ये नेट्रॉन सरोवरात त्याची वसाहत सापडली. तेथवर चालत जाण्याच्या प्रयत्नात सोड्याच्या चिखलाने त्याचे पाय इतके भाजले, की त्याला रुग्णालयात ठेवून कातडी बसवावी लागली. भारतात पुरावा मिळाला तो १९७४ मध्ये, पुन्हा हंजबेटावर. तो नोंदवणारे सालिम अली तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले होते.

आता शोधाचे साधन बदलले आहे. जानेवारी २०२२ मध्ये नॅचरल हिस्टरी सोसायटीने ठाणे खाडीतल्या सहा रोहितांच्या पाठीवर उपग्रहाशी संपर्क ठेवणारी यंत्रे बसवली. तीन पक्षी मोठे, तीन छोटे. पावसाळ्याच्या सुमारास ते खाडी सोडून गुजरातकडे जातात, हे आता ठिपक्याठिपक्याने नकाशावर दिसते. त्या सहांतल्या तिघांची नावे आहेत खेंगारजी, लेस्टर आणि सलीम.