जावा भाषेतील रिकामी जागा

स्ट्रिंगच्या दोन्ही टोकांची रिकामी जागा छाटणारी ‘ट्रिम’ ही मेथड जावा या संगणकीय भाषेत पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९६ पासून आहे. तिचा नियम एका तुलनेत आटोपतो : ज्या चिन्हाचा क्रमांक ३२ किंवा त्याहून कमी, ते छाटायचे. ३२ हा आस्कीमधील स्पेसचा क्रमांक. त्याच्या अलीकडे ० ते ३१ ही नियंत्रक चिन्हे येतात. त्यांत टॅब (९) आणि नवी ओळ (१०) आहेत, तसेच टर्मिनलची घंटा वाजवणारे ७ क्रमांकाचे चिन्हही आहे. ट्रिम तेही काढून टाकते.

त्याच आवृत्तीतील ‘इजस्पेस’ मात्र टॅब, नवी ओळ, फॉर्म फीड, कॅरेज रिटर्न आणि स्पेस एवढ्या पाचच चिन्हांना रिकामी जागा मानत असे. एकाच भाषेत ३३ आणि ५ असे दोन हिशेब सुरुवातीपासूनच होते.

जावाने युनिकोड स्वीकारले होते आणि युनिकोडमधील रिकाम्या जागा ३२ वर संपत नाहीत. जपानी मजकुरातील पूर्ण रुंदीची स्पेस त्यांपैकीच. म्हणून १९९७ च्या १.१ आवृत्तीत ‘इजस्पेस’ निवृत्त झाली आणि युनिकोडचे वर्गीकरण पाहणारी ‘इजव्हाइटस्पेस’ आली. ओळ तुटू न देणारी स्पेस तिने मुद्दाम वगळली. ट्रिमचा नियम बदलला नाही. बदलला असता तर तिच्यावर विसंबलेल्या जुन्या प्रोग्रामांचे निकाल बदलले असते. दस्तऐवजात मात्र ट्रिमच्या वर्णनाची पहिली ओळ ‘व्हाइटस्पेस’ हाच शब्द वापरी. ३२ ची मर्यादा खालच्या तपशिलात असे.

सप्टेंबर २०१८ मधील जावा ११ ने हा गोंधळ निस्तरला. ‘इजव्हाइटस्पेस’च्या व्याख्येने चालणारी ‘स्ट्रिप’ आणि सारी स्ट्रिंग रिकामी आहे का हे सांगणारी ‘इजब्लँक’ या मेथड आल्या, आणि ट्रिमच्या पहिल्याच ओळीत ३२ ची मर्यादा लिहिली गेली.

डोळ्यांना न दिसणारे प्रत्येक चिन्ह मात्र या व्याख्यांत बसत नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दर्‍या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, हा मराठीतला फरक युनिकोडच्या एका लेखनपद्धतीत शून्य रुंदीच्या जोडचिन्हाने साधला जातो. युनिकोड त्याला स्पेस नव्हे, तर मजकुराची मांडणी ठरवणारे चिन्ह मानते. त्यामुळे ट्रिम आणि स्ट्रिप या दोन्ही मेथड त्याला हात लावत नाहीत.