पॉल डॉयसन आणि मुंबईतील वेदान्त-व्याख्यान

जर्मन तत्त्वज्ञ पॉल डॉयसन (१८४५–१९१९) यांनी पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या इतिहासात उपनिषदांना आणि शांकर वेदान्ताला मानाचे स्थान मिळवून दिले. ओबरड्राइस या खेड्यात एका पाद्र्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. शुल्फोर्टा येथील शाळेत फ्रीडरिश नीत्शे त्यांचे सहाध्यायी होते आणि त्यांच्याच प्रभावामुळे डॉयसन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरकडे वळले. शोपेनहाउअरने उपनिषदे वाचली होती ती दारा शुकोहच्या फार्सी भाषांतराच्या लॅटिन रूपांतरातून. डॉयसन यांनी मूळ संस्कृतच गाठले. वेदान्तदर्शनावरील त्यांचा ग्रंथ १८८३ मध्ये, तर ब्रह्मसूत्रांच्या शांकरभाष्याचे जर्मन भाषांतर १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले. १८८९ मध्ये ते कील विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले.

१८९२-९३ च्या हिवाळ्यात त्यांनी सपत्नीक हिंदुस्थानचा प्रवास केला. परतण्यापूर्वी, २५ फेब्रुवारी १८९३ रोजी, रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे त्यांचे वेदान्तावर व्याख्यान झाले. एका रामानुजपंथीय जाणकाराचा हवाला देऊन त्यांनी सांगितले की, शंभर वेदान्त्यांपैकी पंचाहत्तर शंकराचार्यांचे, पंधरा रामानुजांचे आणि मध्व व वल्लभ यांचे पाच-पाच अनुयायी असावेत. देश, काल आणि कार्यकारणभाव ही बुद्धीचीच रूपे आहेत, हे तत्त्वज्ञ कांटने सिद्ध केले; त्यामुळे दृश्य जग हा आभास मानणाऱ्या मायावादाला शास्त्रीय आधार मिळाला, असे त्यांचे म्हणणे होते. शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करावे, असे बायबल सांगते. ते का करावे, याचे उत्तर मात्र छांदोग्य उपनिषदातील ‘तत्त्वमसि’ (ते तू आहेस) या महावाक्यात मिळते. शेजारी आणि आपण मुळात एकच असल्यामुळे त्याला दिलेले दुःख आपल्यालाच पोचते. म्हणून शुद्ध नीतीचा सर्वांत भक्कम आधार वेदान्त हाच असून भारतीयांनी तो सोडू नये, असे त्यांनी श्रोत्यांना कळकळीने सांगितले.

१८९६ मध्ये स्वामी विवेकानंद कीलला जाऊन त्यांना भेटले. पुढच्याच वर्षी साठ उपनिषदांचे त्यांचे जर्मन भाषांतर बाहेर पडले. १८९४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या त्यांच्या तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचा आरंभच भारतापासून होतो. १९११ मध्ये त्यांनी शोपेनहाउअर सोसायटी स्थापन केली.

मराठी वाचकांना डॉयसन यांचे नाव लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’तही (१९१५) आढळते. टिळकांनी शंकराचार्यांचा संन्यासपर निष्कर्ष नाकारला. पण सर्वांभूती एकच आत्मा आहे, हा नीतीचा पाया त्यांनाही मान्य होता. मुंबईच्या व्याख्यानाचा गाभा तोच होता. या मुद्द्यावर कीलचे प्राध्यापक आणि मंडालेचे कर्मयोगी एकमताचे होते.