नाशिकची मुले: शरणपूरची आफ्रिकी शाळा आणि मोंबासाचे ‘बॉम्बे आफ्रिकन’

१/
१८ एप्रिल १८७४. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचा दफनविधी झाला. शवपेटीसोबत मानाने चालणाऱ्या आठ जणांत हेन्री स्टॅनली होते, जॉन कर्क होते, आणि एक आफ्रिकी तरुण होता: जेकब वेनराइट. हा तरुण लिहायला-वाचायला शिकला तो महाराष्ट्रात, नाशिकजवळच्या शरणपूर येथे.

२/
महाराष्ट्राच्या इतिहासातील आफ्रिकी माणसे म्हटली की मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी आठवतात. ते सेनानी आणि सत्ताधीश होते. शरणपूरची हकीकत मात्र गुलामांच्या गलबतांवरून सुटलेल्या मुलांची आहे. शाळेने त्यांना काय दिले, त्यांच्याकडून काय काढून घेतले आणि त्या शिक्षणाचे त्यांनी पुढे काय केले, हा या थ्रेडचा विषय.

३/
ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरीविरोधी कायदा १८३३ साली झाला, हिंदुस्थानात १८४३ साली. परंतु हिंदी महासागरातील व्यापार थांबला नव्हता. झांजिबारच्या लवंगेच्या मळ्यांना आणि ओमानच्या खजुराच्या बागांना मजूर हवे होते. त्यासाठी आजच्या मलावी, मोझांबिक, टांझानिया या प्रदेशांतील गावांवर धाडी पडत. पकडलेल्यांत लहान मुले पुष्कळ असत.

४/
ब्रिटिश आरमार अशी गलबते पकडत असे. पण सोडवलेल्या माणसांना न्यायचे कोठे? किनाऱ्यावर परत सोडले तर ती पुन्हा धरली जाण्याची भीती. म्हणून त्यांना एडन, सेशेल्स किंवा मुंबई बंदरात उतरवले जाई. मुंबईत ही जबाबदारी पोलीस कमिशनरांकडे होती. कोणी घरकामाला दिले जाई, कोणी मिशनच्या स्वाधीन होई. मुक्ती मिळे, कोठे राहायचे हे मात्र दुसरेच ठरवीत.

५/
चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशिकमध्ये १८३२ पासून चालू होते. १८५० च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने शहराबाहेर एक ख्रिस्ती वसाहत उभारली. तिचे नाव शरणपूर, म्हणजे आश्रयाचे गाव. तेथे अनाथ मुले होती, धर्मांतरित मराठी कुटुंबे होती, आणि मुंबईहून पाठवलेली आफ्रिकी मुले-मुलीही होती. त्यांच्या विभागाला ‘आफ्रिकन असायलम’ म्हणत.

६/
शिक्षणाची दोन अंगे होती. एकीकडे इंग्रजी वाचन-लेखन, अंकगणित आणि बायबल; दुसरीकडे हातकाम. मुलांना सुतारकाम व लोहारकाम, मुलींना शिवणकाम व गृहव्यवस्था. मोठेपणी या मंडळींच्या तोंडी इंग्रजी आणि हिंदुस्तानी असे. त्या काळी या देशातील बहुसंख्य मुलांना शाळेचे दारही दिसले नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे या शिक्षणाचे मोल कळते.

७/
परंतु त्याची किंमतही होती. बाप्तिस्म्याबरोबर मुलांना नवी इंग्रजी नावे मिळत. याओ जमातीतील चेंगविंबे नावाचा मुलगा येथे मॅथ्यू वेलिंग्टन झाला. त्याचे मूळ नाव आज आपल्याला ठाऊक आहे. बहुतेकांची नावे कायमची पुसली गेली. नावाबरोबर मातृभाषा गेली आणि आपले गाव कोणते याची आठवणही धूसर झाली.

८/
यातूनच एक नवा समाज घडला. वेगवेगळ्या जमातींची, एकमेकांची भाषा न समजणारी ही मुले एका छपराखाली वाढली. ज्यांना नातेवाईक उरले नव्हते त्यांना सोबतीच भावकी झाले. पुढे सोडवून आणलेल्या आफ्रिकी मुलींशी मुलांचे विवाह झाले, संसार उभे राहिले. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हटले जाऊ लागले. एका मराठी गावाचे नाव आफ्रिकी माणसांची ओळख बनले.

९/
याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध संपून सुमारे ४० लाख गुलाम मुक्त झाले होते आणि त्यांच्यासाठी शाळा निघत होत्या. १८६८ साली व्हर्जिनियात सुरू झालेल्या हॅम्प्टन संस्थेत अक्षरांबरोबर हातकाम शिकवीत. तेथे शिकलेल्या बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून टस्कीगीची संस्था त्याच धर्तीवर घडवली. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी पुढे या पद्धतीवर टीका केली. शिक्षण माणसाला स्वतंत्र करण्यासाठी आहे की इतरांच्या उपयोगी पडण्यासाठी, हा त्या वादाचा गाभा होता.

१०/
गुलामीचा प्रश्न महाराष्ट्रातही वेगळ्या अंगाने मांडला जात होता. १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना तो अर्पण केला. त्याच वर्षी शरणपूरचे काही माजी विद्यार्थी मध्य आफ्रिकेच्या अंतर्भागात होते. ते तेथे कसे पोहोचले?

११/
१८६५ साली लिव्हिंगस्टन मुंबईत आले होते. नव्या मोहिमेसाठी त्यांनी नाशिकच्या शाळेतून नऊ तरुण निवडले. मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलेला चुमा हाही सोबत निघाला. जानेवारी १८६६ मध्ये ही मंडळी झांजिबारकडे रवाना झाली. १८७२ मध्ये स्टॅनली यांनी पाठवलेल्या कुमकेत नाशिकचे आणखी सहा जण होते. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन आणि कारस फरार हे त्यांपैकीच.

१२/
१ मे १८७३ च्या सुमारास, आजच्या झांबियातील चितांबो यांच्या गावी लिव्हिंगस्टन वारले. जवळ एकही युरोपीय नव्हता. पुढचा प्रत्येक निर्णय चुमा, सुसी आणि त्यांच्या सोबत्यांनी घेतला. हृदय झाडाखाली पुरले. वेनराइट यांनी दफनविधीची प्रार्थना वाचली, खोडावर अक्षरे कोरली आणि मृताच्या सामानाची यादी केली. देह मिठाने व उन्हाने टिकवून किनाऱ्यावर न्यायचे ठरले.

१३/
वाटेत त्यांना लेफ्टनंट कॅमेरन हा इंग्रज अधिकारी भेटला. देह येथेच पुरावा, असा त्याने सल्ला दिला. या मंडळींनी तो मानला नाही. सुमारे नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी १८७४ मध्ये, ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोहोचले. तेथून वेनराइट शवपेटीसोबत इंग्लंडला गेले. चुमा आणि सुसी यांना मात्र अंत्यविधीला वेळेत नेले गेले नाही.

१४/
इंग्लंडमध्ये या सर्वांचे कौतुक झाले ते ‘विश्वासू सेवक’ म्हणून. परंतु वेनराइट यांनी स्वतःच्या हाताने इंग्रजीत दैनंदिनी लिहिली होती आणि फरार यांनीही प्रवासाचा वृत्तांत लिहिला. आफ्रिकेच्या शोधमोहिमांच्या इतिहासात आफ्रिकी सहभागींचे स्वतःचे लेखन फार दुर्मीळ आहे. येथे ते उरले, कारण शरणपूरच्या वर्गात कोणी तरी त्यांच्या हाती लेखणी दिली होती.

१५/
आता परतीचा प्रवास. विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर आणि जॉर्ज डेव्हिड हे तिघे १८६४ मध्येच नाशिकहून मोंबासाजवळच्या रबाई येथील मिशनवर गेले होते. १८७३ मध्ये मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या शिष्टाईनंतर झांजिबारच्या सुलतानाने समुद्रमार्गे गुलामांचा व्यापार बंद करण्याचा करार केला. १८७५ मध्ये मोंबासासमोर ‘फ्रिअर टाउन’ वसले. व्यवस्थेला शरणपूरचेच प्राइस आले आणि नाशिकची शंभराहून अधिक आफ्रिकी माणसे तेथे स्थायिक झाली.

१६/
नव्या वसाहतीचे शिक्षक, सुतार, लोहार आणि दुभाषे हेच लोक होते. पण आफ्रिकेत परतूनही ते परकेच ठरले. स्वाहिली त्यांना नव्याने शिकावी लागली. स्थानिक लोक त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत, तर मिशनरी त्यांना आपल्या बरोबरीचे मानत नसत. वेतनात तफावत होती. १८८०-८१ च्या सुमारास वसाहतीतील कठोर शिक्षांविरुद्ध तक्रारी झाल्या, चौकशी झाली आणि प्राइस यांना पुन्हा मोंबासाला यावे लागले.

१७/
१८८५ मध्ये जोन्स आणि सेम्लर यांना बिशप हॅनिंग्टन यांनी धर्मोपदेशकपदाची दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाकडे निघाले तेव्हा जोन्स सोबत होते. ऑक्टोबरमध्ये पुढे गेलेल्या बिशपची हत्या झाली. मागे थांबलेल्या काफिल्याला शेकडो मैल सुखरूप परत आणण्याचे काम जोन्स यांनी केले.

१८/
सर्वांत महत्त्वाचा अध्याय रबाईचा. किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम रबाईच्या मिशनमध्ये आसरा घेऊ लागले. झांजिबारच्या कायद्याने ते अजून मालकांची मालमत्ता होते आणि मिशनने त्यांना ठेवून घेऊ नये, अशी अधिकाऱ्यांची अपेक्षा होती. तरी जोन्स कामकाज पाहत असलेल्या रबाईत त्यांची वस्ती वाढत गेली. मालकांचा रोष अनावर झाला तेव्हा इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने भरपाई दिली. १ जानेवारी १८८९ रोजी रबाई येथे मुक्तीचे दाखले वाटले गेले. मुक्त झालेल्यांची संख्या १,४०० च्या वर होती.

१९/
शरणपूरच्या शिक्षणाचा हेतू मर्यादित होता. मिशनला धर्मप्रचारक हवे होते, प्रवाशांना वाटाडे व दुभाषे हवे होते, कारखान्याला कारागीर हवे होते. त्या हेतूत मुलांची स्वतःची इच्छा कोणी विचारली नव्हती. तथापि विद्या एकदा हाती आली की ती कशी वापरायची हे देणारा ठरवू शकत नाही. वेनराइट यांनी तिने साक्ष लिहिली. आणि ज्यांना लहानपणी दुसऱ्यांनी शरण दिले होते, त्यांच्यापैकी काहींनी मोठेपणी दुसऱ्यांना शरण दिले.

२०/
या मूल्यमापनात अतिशयोक्ती टाळायला हवी. लिव्हिंगस्टनसोबत गेलेल्या पहिल्या नऊ जणांपैकी बहुतेकांनी वाटेतच मोहीम सोडली. वेनराइट यांना लंडनमधील मानानंतर स्थिर आयुष्य लाभले नाही. १८९२ मध्ये आजच्या टांझानियातील उरांबो येथे त्यांचा मृत्यू झाला. शाळेतील ज्या मुलींनी शरणपूर आणि मोंबासा दोन्हीकडे संसार उभे केले, त्यांच्याविषयी कागदपत्रे फारच थोडे बोलतात.

२१/
मॅथ्यू वेलिंग्टन, म्हणजेच चेंगविंबे, यांना दीर्घायुष्य लाभले. १९३५ मध्ये ते मोंबासात वारले. त्याच्या आदल्या वर्षी फ्रिअर टाउनच्या समाजातील जेम्स एम्बोटेला यांचे ‘उहुरू वा वातुम्वा’ म्हणजे ‘गुलामांची मुक्ती’ हे स्वाहिली पुस्तक प्रसिद्ध झाले होते. या समाजाचा इतिहास आता त्याच समाजातील माणूस लिहीत होता, आणि तोही इंग्रजीत नव्हे, स्वाहिलीत.

२२/
१८७५ नंतर शरणपूरचे आफ्रिकी पर्व संपले. फ्रिअर टाउनचा घंटेचा मनोरा आजही मोंबासात उभा आहे. ‘केंगेले’ म्हणजे घंटा. त्या परिसराला अजून केंगेलेनी म्हणतात. इकडे नाशिकचा शरणपूर रोड शहरातील गजबजलेल्या रस्त्यांपैकी एक आहे. त्या नावाचा अर्थ विचारणाऱ्याला वेनराइट, जोन्स, सेम्लर आणि चेंगविंबे ही चार नावे तरी सांगता यावीत.