जुने शिवणयंत्र पिढ्यान्‌पिढ्या कसे टिकते?

अमेरिकेत आयझॅक सिंगर यांनी १८५१ साली शिवणयंत्राचे पेटंट मिळवले. भारतात १९३० च्या दशकात ‘उषा’ यंत्रे बनू लागली. या यंत्रात सुईचे नेढे टोकाशी असते. सुई वरचा दोरा कापडाखाली नेते, तेथे त्याचा फास होतो आणि फासात बॉबिनचा दोरा अडकतो. त्यामुळे एखादा टाका तुटला तरी सारी शिवण उसवत नाही. धावत्या-खेळत्या मुलांच्या कपड्यांना हे विशेष सोयीचे.

अशा यंत्रांवर घरोघरी झबली, टोपडी, परकर-पोलकी शिवली जात. वाढत्या अंगासाठी आत जादा दुमड ठेवली जाई. मूल उंच झाले की ती उसवून कपडा लांब केला जाई. पुढे तो धाकट्या भावंडाकडे व अखेर गोधडीत जाई.

सांगाडा बिडाचा आणि हलणारे भाग पोलादी असल्याने यंत्राची झीज अल्प होते. बंद पडलेले यंत्र पुष्कळदा मोडलेले नसतेच. सुकलेले तेल व साचलेले धागे त्यास जखडून ठेवतात. ते काढून शिवणयंत्राचेच पातळ तेल द्यावे. खोबरेल तेल थंडीत गोठते, ते टाळावे. सैल झालेला चामडी पट्टा थोडा कापून पुन्हा जोडता येतो. भंगारात देण्यापूर्वी एवढे केले, तर आजीच्या यंत्रावर नातवंडाचेही झबले शिवता येते.